पोर्सेलीनवरची वटवाघळं, सरडे आणि पाच नखांचा ड्रॅगन

प्रश्न थोडक्यात असा. गिरगावातलं सासरचं जुनं घर रिकामं करताना दोन चिनी वस्तू वाट्याला आल्या. एक हातभर उंचीची रंगीत फुलदाणी: अंगभर लाल वटवाघळं, पाइनच्या झाडाखाली हरणांची जोडी आणि क्रौंच पक्षी, मानेला सिंहांच्या आकाराचे कान (म्हणजे धरायच्या मुठी), खांद्यावर सोनेरी सरडे. दुसरी निळी-पांढरी थाळी: मधोमध पाच नखांचा ड्रॅगन, मागे सहा चिनी अक्षरं. घरातल्या ज्येष्ठांचं म्हणणं, वटवाघळांची वस्तू घरात नको. भाच्याने इंटरनेटवर वाचलंय की पाच नखं म्हणजे बादशाही माल. आणि सरड्यांबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही.

चिनी मातीच्या जुन्या भांड्यांची दुरुस्ती आणि जतन हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे हे सगळे प्राणी माझ्या टेबलावर वारंवार येतात. आधी निकाल सांगते, मग कारणं. फुलदाणीवरचं एकही जनावर अशुभ नाही. सरडे हे सरडे नाहीत, तेही ड्रॅगनच आहेत. आणि नुसती नखं मोजून थाळी राजवाड्यातली ठरत नाही. प्राणी फक्त शुभेच्छा कोणती आहे ते सांगतो. वस्तू कधीची, कुणासाठी केलेली, हे त्याला विचारू नका. ते त्याच्या रेषेला, रंगाला आणि भांड्याच्या तळाला विचारायचं. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की निम्मा घोळ मिटतो.

वटवाघळांपासून सुरुवात करू. आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरलं की केरसुणी घेऊन धावाधाव होते, त्यामुळे आक्षेप मला कळतो. पण चिनी चित्रकाराने हा प्राणी त्याच्या रूपासाठी किंवा सवयींसाठी निवडलेलाच नाही. चिनीत वटवाघळाला 'फू' म्हणतात आणि सुख-भाग्यालाही 'फू' म्हणतात. अक्षरं वेगळी, उच्चार तोच, अगदी सूरही तोच. म्हणजे ही चित्रात केलेली कोटी आहे. वटवाघूळ लाल असेल तर आणखी एक पदर चढतो, कारण 'लाल' आणि 'अपार' या दोन्ही शब्दांचा उच्चार 'होंग' होतो. लाल वटवाघूळ म्हणजे अपार भाग्य. तुमच्या फुलदाणीवर काही वटवाघळं डोकं खाली करून उडत असतील तर ती चित्रकाराची चूक समजू नका. 'उलटं' आणि 'येऊन पोचलं' यांचे उच्चार जुळतात, तेव्हा उलटं वटवाघूळ म्हणजे भाग्य दारात आलं.

पाच वटवाघळांचा गट दिसला तर तो पाच सुखांचा. ही पाच सुखं 'शांग्शू' या फार जुन्या ग्रंथातून आलेली आहेत: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य आणि स्वस्थता, सदाचाराची आवड, आणि आयुष्य पुरं करून आलेलं शांत मरण. शेवटचं सुख वाचून आपल्याकडचे लोक जरा थबकतात; मला मात्र ती यादी तिथेच खरी वाटते. पाच वटवाघळांच्या मधोमध बहुतेक वेळा 'शोऊ' हे आयुष्यवाचक अक्षर गोल करून बसवलेलं असतं. आपल्या डोळ्याला ती नक्षीची चकती वाटते आणि नजर पुढे सरकते.

सगळेच प्राणी असे उच्चारावर चालत नाहीत. ढोबळमानाने दोन घराणी मानायची. एक कोटीचं: वटवाघूळ, हरीण, मासा, लावा पक्षी, माकड. दुसरं कथेचं आणि गुणाचं: क्रौंच, कासव, मॅन्डरिन बदकांची जोडी, ड्रॅगन, फिनिक्स. क्रौंच हजार वर्षं जगतो आणि अमर पुरुषांचं वाहन होतो अशी श्रद्धा, म्हणून तो दीर्घायुष्याचा. बदकांची जोडी एकनिष्ठ मानली गेली, म्हणून ती लग्नाची. कार्प मासा पिवळ्या नदीवरची 'ड्रॅगन वेस' उडी मारून ओलांडतो तेव्हा स्वतःच ड्रॅगन होतो, अशी गोष्ट आहे. म्हणून लाटांतून उसळणारा कार्प परीक्षार्थी मुलाच्या टेबलावर. शाही परीक्षा पास झाला की पोरगा एका रात्रीत अधिकारी व्हायचा, तेव्हा ही उपमा तिथल्या घराघरात कळणारी होती. मासा दोन्ही घराण्यांत बसतो, कारण 'मासा' आणि 'शिल्लक, सुबत्ता' दोन्ही 'यू'.

आता तुमची फुलदाणी वाचू. हरीण म्हणजे 'लू', आणि सरकारी पद व त्याचा पगार म्हणजेही 'लू'. वटवाघूळ भाग्य, हरीण पद, क्रौंच आयुष्य: 'फू-लू-शोऊ' ही तिथली सर्वांत लाडकी त्रयी तुमच्या फुलदाणीवर जनावरांच्या रूपात उभी आहे. शिवाय हरीण आणि क्रौंच पाइनच्या झाडाखाली एकत्र आले की आणखी एक ओळ तयार होते. 'लू' आणि 'ह' हे उच्चार 'ल्यू-ह', म्हणजे सहा दिशा, याच्या जवळ जातात. अर्थ असा की आकाश, पृथ्वी आणि चारही दिशांना एकाच वेळी वसंत येवो. लग्नात, साठीच्या सोहळ्यात किंवा नवीन घरात द्यायला अशी फुलदाणी एकदम योग्य. ज्येष्ठांना एवढं सांगून पाहा. तरीही मन मानलं नाही तर वाद घालू नका. कपाटात वरच्या फळीवर ठेवली तरी वस्तूचं काही बिघडत नाही.

एकटादुकटा प्राणी वाचायला जाऊ नये, जोडी बघावी, हा या कामातला पहिला धडा. नुसतं फुलपाखरू कितीतरी गोष्टी सांगू शकतं. पण मांजर आणि फुलपाखरू एकत्र असतील तर अर्थ पक्का: मांजर 'माव', फुलपाखरू 'द्ये', आणि सत्तरी-ऐंशी-नव्वदीच्या वयाला असलेले जुने शब्दही 'माव' आणि 'द्ये'. ती म्हातारपणीच्या वाढदिवसाची भेट. वरवर पाहता मात्र मांजर फुलपाखरावर झडप घालतंय असंच दिसतं. प्लमच्या फांदीवर बसलेला मॅगपाय पक्षी आनंद आणतो. बगळा आणि कमळ एकत्र म्हणजे एकामागून एक परीक्षा पास होवो. घोड्यावर बसलेलं माकड 'लवकरच सरदारकी मिळो' असं म्हणतं. बाजारात याचे नवे नमुने ढिगाने मिळतात आणि बहुतेक फार वाईट रंगवलेले असतात. तीन मेंढे म्हणजे नवीन वर्षाची चांगली सुरुवात. लावा पक्षी म्हणजे शांतता. ही यादी लांबवता येईल, पण खरं सांगायचं तर वटवाघूळ, हरीण, क्रौंच, मासा, ड्रॅगन, फिनिक्स आणि सिंह एवढे ओळखता आले की आपल्याकडच्या घरांत सापडणारा बहुतेक माल वाचता येतो.

आपल्या दिशेने तिकडे गेलेले काही प्राणीही आहेत, त्यांच्यावर माझा विशेष जीव आहे. चीनमध्ये सिंह रानात नव्हताच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हान काळात, पश्चिमेकडून राजनजराण्यात काही जिवंत सिंह पोचले आणि मग बौद्ध धर्माबरोबर सिंहाची प्रतिमा पसरली. प्रत्यक्ष पाहिलेला नसल्याने कारागिरांनी तो कुरळ्या आयाळीचा, बटबटीत डोळ्यांचा, थोडा कुत्र्यासारखा करून टाकला. म्हणून इंग्रज त्याला 'फू डॉग' म्हणाले. तो कुत्रा नाही. जोडी असेल तर पंजाखाली चेंडू असलेला नर, पिल्लू असलेली मादी. तुमच्या फुलदाणीच्या कानांवर तेच सिंह आहेत. हत्तीच्या पाठीवर कलशासारखं भांडं दिसलं की आपले लोक लगेच गजलक्ष्मी आठवतात, पण तिथे तो हत्ती आणि ती फुलदाणी मिळून 'देशात शांतता नांदो' अशी ओळ होते.

मकराचं तर नवलच. आपल्या देवळांच्या तोरणांवर, पाण्याच्या गोमुखांवर दिसणारा सोंडेचा मकर बौद्ध मार्गाने चीनला पोचला, तिथे त्याला पंख फुटले, अंग माशाचं झालं, आणि सोंग काळातल्या (960 ते 1279) उत्तर चीनमधल्या यावझोऊच्या हिरव्या झिलईच्या वाडग्यांत तो लाटांमध्ये पोहू लागला. पुढे तो ड्रॅगन-माशात इतका मिसळला की मूळ ओळखणं अवघड जातं. आणि 'छिलिन' नावाचा खुरांचा, खवल्यांचा शुभ प्राणी: चांगल्या राजाच्या काळीच तो दिसतो अशी समजूत. 1414 साली बंगालच्या सुलतानाने मिंग सम्राट योंगलकडे एक जिराफ पाठवला, तेव्हा दरबाराने तो छिलिनच असल्याचं ठरवून टाकलं. पोर्सेलीनवरचा छिलिन मात्र जिराफासारखा अजिबात दिसत नाही. भांड्यांवर जुनी कल्पनाच टिकली.

आता सरडे. पातळ, लांबट, शिंगं नसलेला, शेपटी दुभंगून वळलेली असा हा प्राणी म्हणजे 'छ्र', बिनशिंगी कोवळा ड्रॅगन. जेडच्या जुन्या वस्तूंवर तो हजारो वर्षांपासून आहे. तुमच्या फुलदाणीवर तो साच्यात काढून, ओला असतानाच खांद्यावर चिकटवून, भाजून नंतर सोन्याच्या मुलाम्याने रंगवलेला आहे. मानेला सिंहांचे कान, खांद्यावर सोनेरी छ्र, आणि सगळं अंग गुलाबी, हिरव्या, लाल मीनाकामाने भरलेलं: हा 19व्या शतकातल्या कँटनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगझूच्या, निर्यात मालाचा ठरलेला साज आहे. कोरी पांढरी भांडी चिंगद्झन या पोर्सेलीनच्या मुख्य गावात भाजली जायची, मग नदीमार्गे आणि मेइलिंगची खिंड ओलांडून कँटनला यायची, तिथल्या कारखान्यांत त्यांच्यावर रंग चढायचा आणि बंदरातून ती बाहेर पडायची.

या बंदराशी मुंबईचा थेट संबंध होता. 18व्या शतकाच्या उत्तरार्धापासून पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन कँटनला जात होते. जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या. परतीच्या जहाजांत चहा आणि रेशमाबरोबर अशी भांडीही असत. पारशी 'गारा' साड्यांच्या भरतकामातले क्रौंच आणि फिनिक्स त्याच वाटेने आलेले. गिरगावातल्या घरात ही फुलदाणी असणं त्यामुळे मला जराही आश्चर्याचं वाटत नाही. ती राजवाड्यातली नाही, पण मुंबईच्या इतिहासातली आहे, आणि माझ्या मते तुमच्याकडे असण्याला त्यातच जास्त अर्थ आहे.

थाळीकडे येऊ. चिनी ड्रॅगन आग ओकणारा राक्षस नव्हे. तो पाण्याचा, पावसाचा मालक. त्याची शिंगं हरणाची, खवले कार्पचे, पंजे वाघाचे, नखं गरुडाची. बौद्ध ग्रंथ चिनीत आले तेव्हा आपल्या नागांसाठी त्याचंच नाव वापरलं गेलं. सम्राटाशी त्याचं नातं जुनं आहे, पण नखांचा हिशेब लोक समजतात तेवढा सरळ नाही.

युआन काळात (1271 ते 1368) सामान्य माणसांना मनाई होती ती दोन शिंगं आणि पाच नखं असलेल्या ड्रॅगनची. तीन किंवा चार नखांचा ड्रॅगन कुणीही काढत असे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या प्रसिद्ध 'डेव्हिड फुलदाण्या' घ्या. निळ्या-पांढऱ्या पोर्सेलीनचा सगळा कालक्रम ज्यांच्या आधाराने लावला जातो त्या या दोन फुलदाण्या. मानेवरच्या लेखात 1351 सालची तारीख आहे, आणि झांग वन्जिन नावाच्या भाविकाने त्या एका देवळाला वाहिल्याचं लिहिलंय. अंगावर ड्रॅगन आहेत, चार नखांचे. सम्राटाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. मिंग काळात (1368 ते 1644) पाच नखं सम्राटाची आणि चार नखांचा 'मांग' मोठ्या सरदारांचा, अशी विभागणी पक्की होत गेली. राजवाड्यातून बाहेर गेलेल्या काही भांड्यांवर पाचवं नख खरवडून काढलेलं सापडतं. नखाच्या जागी झिलईवर छोटासा खडबडीत डाग दिसतो. बोट फिरवलं तर कळतो. असा डाग मला पाचही नखं शाबूत असण्यापेक्षा जास्त बोलका वाटतो.

छिंग काळात (1644 ते 1911) तर राजवाड्याच्या आतसुद्धा दर्जा होता. 18व्या शतकातल्या दरबारी नियमांप्रमाणे आत-बाहेर पिवळी भांडी फक्त राजमाता आणि सम्राज्ञीची. त्याखालच्या एका दर्जाच्या राणीला पिवळ्यावर हिरवा ड्रॅगन, त्याखाली निळ्यावर पिवळा, आणखी खाली हिरव्यावर जांभळा. ड्रॅगन सगळ्यांना, दर्जा रंगावरून कळायचा. म्हणून एखाद्या हिरव्या वाडग्यावर जांभळा ड्रॅगन असेल तर तो कुणाच्या ताटात होता हे आज सांगता येतं. इतकं नेमकं दुसऱ्या कुठल्या जनावराबाबत सांगता येत नाही.

पण हा सगळा हिशेब खऱ्या शाही भट्टीच्या मालाचा. 19व्या शतकाच्या उत्तरार्धापासून बंधनं ढिली पडत गेली आणि पाच नखांचा ड्रॅगन निर्यातीच्या मालावर, चहाच्या कपांवर, कशावरही येऊ लागला. 1911 मध्ये राजवट कोसळल्यानंतर तर अडवणारं कुणी उरलंच नाही. आज चिंगद्झनमध्ये बनणाऱ्या नकलांवर बहुधा पाचच नखं असतात, कारण गिऱ्हाईक तीच मोजतं. जाता जाता: तीन नखांचा ड्रॅगन दिसला तर थाळी जपानी आहे का हेही बघा. मुंबईतल्या जुन्या घरांत चिनी आणि जपानी माल शेजारी शेजारी असतो आणि जपानी ड्रॅगन साधारणपणे तीन नखांचा.

मागच्या सहा अक्षरांचंही असंच. उजवीकडून उभी वाचायची: वंश, सम्राट, आणि शेवटी 'काळात बनवलेलं'. पण चिनी कुंभारांना जुन्या सम्राटाचं नाव घालण्यात फसवणूक वाटत नसे. तो पूर्वसूरींना मान होता, आणि अर्थात विक्रीलाही बरं. छिंग सम्राट कांग्शीच्या काळातल्या (1662 ते 1722) भांड्यांवर त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या मिंग सम्राट छंगह्वाचं नाव सर्रास सापडतं. 19व्या शतकातल्या भांड्यांवर कांग्शीचं. उलट कांग्शीच्याच काळात, 1677 मध्ये, चिंगद्झनच्या अधिकाऱ्याने चालू सम्राटाचं नाव घालायला बंदी केली होती, म्हणून तेव्हाच्या अनेक अस्सल भांड्यांच्या तळाशी नुसतं निळं दुहेरी वर्तुळ असतं किंवा एखादं पान, नाहीतर छोटासा ससा. रोमन लिपीत 'चायना' असं लिहिलेलं असेल तर माल 1891 च्या आसपासचा किंवा नंतरचा, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने मूळ देशाचं नाव घालणं तेव्हा सक्तीचं झालं.

मग थाळीचं वय कळणार कशावरून? ड्रॅगन कसा काढलाय यावरून.

इथे कामाची पद्धत माहीत असणं उपयोगी पडतं. दांत्रकोल नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री चिंगद्झनमध्ये राहिला होता आणि त्याने 1712 व 1722 साली तिथल्या कामाची तपशीलवार पत्रं लिहिली. तो सांगतो की एक भांडं सत्तर हातांतून जातं. काठाची रेघ ओढणारा एक, फुलांची बाह्यरेषा काढणारा दुसरा, रंग भरणारा तिसरा, आणि पक्षी-प्राणी काढणारा वेगळाच. म्हणजे तुमच्या ड्रॅगनमागे असा माणूस असू शकतो ज्याने जन्मभर बहुतेक जनावरंच काढली. अशा हाताची रेष थांबत नाही. चांगल्या जुन्या ड्रॅगनच्या पाठीची रेघ मानेपासून शेपटीपर्यंत एका दमात जाते, वळणावर दाब वाढतो, सुटताना निमुळती होते. नक्कल करणारा समोरचं चित्र बघून काढतो, म्हणून त्याचा ब्रश वळणावर अडखळतो आणि तिथे निळ्या रंगाचं थेंबभर डबकं साचतं. भिंग घेऊन पायांचे सांधे पाहा: जुन्या ड्रॅगनचा पाय शरीरातून निघतो, नव्याचा बाहेरून चिकटवल्यासारखा असतो.

रंगही बोलतो. 15व्या शतकाच्या सुरुवातीचा उत्तम कोबाल्ट (निळा रंग देणारं खनिज) बराचसा पश्चिमेकडून, इराणच्या बाजूने आलेला. त्यात लोहाचं प्रमाण जास्त, म्हणून जिथे रंग जाड पडला तिथे काळपट ठिपके उमटून झिलईत खोल रुतलेले दिसतात. नंतरच्या कारागिरांनी या ठिपक्यांचीही नक्कल केली, पण मुद्दाम ब्रश टेकवून. असे ठिपके एका ओळीत आणि सारख्या अंतराने येतात. 16व्या शतकापासून बाह्यरेषा काढून आत पातळ निळा भरायची रीत रुळली, आणि कांग्शीच्या काळात तर एकाच निळ्याच्या अनेक छटा एकावर एक चढवल्या गेल्या; त्या काळचा ड्रॅगन जवळजवळ गोलाईदार दिसतो. 19व्या शतकाच्या शेवटचा ड्रॅगन मात्र ताठर, डोळे समोर रोखलेले, खवले जाळीसारखे एकसारखे. मला त्याचा चेहरा थोडा दमलेला वाटतो, पण हे शास्त्र नव्हे.

छपाईचा माल ओळखणं सोपं आहे. फुलदाणीवरची कुठलीही दोन वटवाघळं निवडा, मोबाइलवर सारख्या अंतरावरून फोटो काढा आणि शेजारी ठेवून पाहा. हाताने काढलेल्या दोन वटवाघळांचे पंख कधीही तंतोतंत जुळत नाहीत. जुळले, आणि भिंगाखाली रंगाचे सूक्ष्म ठिपके दिसले, तर तो छापलेला कागद चिकटवून भाजलेला माल.

प्राण्यावरून वय ठरवायचा मोह का टाळायचा, याचं उत्तम उदाहरण कोंबड्यांच्या कपाचं आहे. छंगह्वा सम्राटाच्या काळात, 1465 ते 1487, बोटांत मावणारे छोटे कप झाले. त्यांवर कोंबडा, कोंबडी आणि दाणे टिपणारी पिल्लं. बाह्यरेषा झिलईखाली निळ्या, आतले रंग झिलईवर, असं दोनदा भाजलेलं काम. त्यातला एक 2014 साली हाँगकाँगच्या लिलावात 28 कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेला. आणि नकला? कांग्शीच्या काळापासून आजपर्यंत अखंड चालू आहेत. ग्वांगझूच्या रस्त्यावर चहाबरोबर घेता येतील इतक्या. कोंबड्या त्याच, पिल्लं तीच, प्रसंगही तोच.

उलट बाजूही आहे. 18व्या शतकातल्या योंगझंग सम्राटाच्या काळातली, पीचची फळं आणि दोन वटवाघळं असलेली एक फुलदाणी अमेरिकेतल्या एका घरात दिव्याचा स्टँड म्हणून वापरात होती. 2002 साली हाँगकाँगच्या लिलावात ती 4 कोटी 15 लाख हाँगकाँग डॉलरला गेली आणि पुढे शांघाय म्युझियमला भेट मिळाली. म्हणून कृपा करून तुमच्या फुलदाणीच्या तळाला वायरसाठी भोक पाडू नका. कँटनच्या फुलदाणीची किंमत तेवढी कधीच होणार नाही, पण भोकाने जे आहे तेही निम्मं होतं.

जपणुकीबद्दल, कारण दिवाळीच्या साफसफाईत मी सर्वांत जास्त नुकसान पाहते. झिलईखालचा निळा रंग काचेच्या थराखाली सुरक्षित असतो. थाळी कोमट पाण्यात, मऊ कापडाने पुसली तर काही होत नाही, फक्त जुना तडा नसल्याची खात्री करा. फुलदाणीचं तसं नाही. लाल, गुलाबी, हिरवा रंग झिलईच्या वर बसलेला आहे आणि कमी उष्णतेवर भाजलेला आहे. सोन्याचा मुलामा तर त्याहून नाजूक. चिंच, लिंबू, पितळेची पावडर, घासणी, यातलं काहीही लावू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची, बस. उचलताना सिंहांच्या कानांना धरू नका. ते वेगळे करून चिकटवलेले असतात आणि सर्वांत आधी तेच सुटतात. खालून एक हात, पोटाला दुसरा. छ्रच्या नाकावर, शेपटीच्या टोकावर मुलामा झिजून खालची लाली किंवा पांढरं दिसत असेल तर ते छान आहे. हात लागणाऱ्या उंचवट्यांवरच झीज असणं हे खऱ्या वापराचं लक्षण. पुन्हा सोनेरी करून घेऊ नका. कुठे धातूचे छोटे टाचे मारून सांधलेलं असेल तर तेही काढू नका, ती जुनी कारागिरी आहे. आणि रंगीत भांड्यातून, त्यातही आंबट पदार्थ, खाऊ नका. त्या रंगांत शिसं असतं.

अस्सल माल डोळ्यांत भरून घ्यायचा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेली चिनी आणि जपानी पोर्सेलीन तिथे आहे. एकेक प्राणी ओळखत बसण्यापेक्षा एकाच ड्रॅगनसमोर दहा मिनिटं उभं राहून त्याच्या पाठीची रेघ डोळ्यांनी फिरवून पाहा, मग घरी येऊन आपल्या थाळीकडे पाहा. फरक असेल तर तो आपोआप टोचतो.

थाळीबद्दल पक्कं मत हवं असेल तर मला अख्ख्या थाळीचा फोटो पुरत नाही. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, चार फोटो काढा: ड्रॅगनचा एक पंजा जवळून, मान वळते ती जागा, मागची अक्षरं, आणि तळाची बिनझिलईची गोल कडा तिरकी धरून. त्या कडेला झिलई संपते तिथे नारिंगी-तपकिरी रेघ आहे का, माती चिकणी-पांढरी आहे की खरखरीत, हे दिसलं पाहिजे. सोबत व्यास आणि वजन लिहा. पंजाच्या फोटोत शेजारी मोजपट्टी असू द्या, आणि पाचव्या नखावरून एकदा बोट फिरवून बघा.